मुलांच्या उंचीचं घर

मूल पहिलीत जाणार असलं की मे महिन्यात घराघरांत खरेदी सुरू होते. दप्तर, पाण्याची बाटली, बूट, रेनकोट, वह्यांना घालायची कव्हरं. यादी लांबत जाते आणि घर मात्र आहे तसंच राहतं. दिव्याच्या बटणाला मुलाचा हात पोचत नाही. टॉवेल वरच्या दांडीवर, प्यायचं पाणी ओट्यावरच्या फिल्टरमध्ये, खाऊचे डबे तर मुद्दाम सगळ्यांत वरच्या फळीवर. मग मूल दिवसभर ‘आई, दे ना’, ‘बाबा, लावा ना’ करत राहतं आणि आपण पाहुण्यांना सांगतो की याला स्वतःचं स्वतः काही करता येत नाही.

मी पहिलीचा वर्ग बरीच वर्षं सांभाळला. शाळेत रमायला सगळ्यांत कमी वेळ कुणाला लागतो, याचं माझं निरीक्षण अक्षरओळखीशी फारसं निगडित नाही. स्वतःचा डबा उघडता येणं, चप्पल नीट पायात घालता येणं, संडासला जाऊन हात धुऊन परत येणं आणि आपली वस्तू आपल्या जागी ठेवणं, एवढं ज्याला जमतं ते मूल आठवड्याभरात वर्गाचं होऊन जातं. आणि हे सगळं घरी शिकायचं असेल, तर घरातल्या वस्तू त्याच्या हाताला लागल्या पाहिजेत. म्हणून माझा आग्रह असा की शाळेच्या तयारीतलं पहिलं काम घराचं करा. खर्च फार येत नाही, बरंचसं काम एका रविवारी उरकतं.

सुरुवात मोजण्यापासून करा. मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा आणि पेन्सिलीने तीन खुणा करा. एक डोक्याची, एक डोळ्यांची, आणि एक टाचा न उचलता हात सरळ वर केल्यावर बोटं पोचतात तिथली. सहा वर्षांचं मूल साधारण 110 ते 118 सेंटिमीटर उंच असतं. या खुणा झाल्या की टेप घेऊन घरभर फिरा. जे काम मुलाने स्वतः करावं असं वाटतं, त्याला लागणारी वस्तू डोळ्यांच्या खुणेच्या आसपास किंवा त्याखाली हवी. हात वर करून कशीबशी मिळणारी वस्तू मूल ओढून काढतं आणि सोबत बाकीचंही खाली येतं.

ही कल्पना जुनी आहे. मारिया माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह काढलं, तिथे खुर्च्या, मेजं, फडताळं सगळी मुलांच्या मापाची होती. आपल्याकडे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालमंदिराचं काम उभं केलं. पुढे ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि मग दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये ते काम वाढवलं. त्यांची साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, माती. परदेशातलं महागडं साहित्य तिथे कुणाला परवडणारही नव्हतं. तेव्हा रंगीबेरंगी ‘किड्स रूम’चं माहितीपत्रक पाहून ज्यांचा जीव दडपतो, त्यांनी कोसबाड आठवावं. दोन खोल्यांच्या घरातही हे सगळं करता येतं.

न्हाणीघरापासून लागा, कारण सकाळची निम्मी ओढाताण तिथेच असते. टॉवेल, ब्रश आणि चड्डी-बनियन यांसाठी मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर तीन हूक बसवा. बेसिन उंच असेल तर खाली जड लाकडी चौरंग ठेवा. प्लॅस्टिकचं हलकं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं. चौरंगाच्या पायांना रबरी बूच बसवून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बादली भरताना आधी गार पाणी आणि मग गरम, ही सवय मोठ्यांनी स्वतःला लावावी, कारण मूल स्वतः आंघोळ करू लागलं की ते बादलीत हात घालणारच. गीझर गॅसचा असेल तर तो न्हाणीघराच्या आत असूच नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. तो बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्या. या लेखातलं एकच काम करणं शक्य असेल तर ते हे करा.

विजेचं बटण खाली घ्यायला इलेक्ट्रिशियन लागेल. निदान संडास-न्हाणीचा आणि मूल झोपतं त्या खोलीचा दिवा त्याला लावता आला पाहिजे. रात्री अंधारात उठून आईला हाक मारण्यात लाज वाटते म्हणून अंथरुणात शू होते, असं मी अनेक आयांकडून ऐकलं आहे. बटण खाली घेत असतानाच दोन गोष्टी करून घ्या. खालच्या प्लगला आतून झडप असलेला सॉकेट बसवा, आणि मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना ते पाहा. विजेची गळती झाली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. आधीपासून बसवलेला असेल तर त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं असतं. दाबलं आणि वीज गेली नाही, तर तो बदलायला हवा.

लोखंडी किंवा लाकडी कपाट खालच्या कप्प्यांतल्या वस्तू मुलाच्या ताब्यात देण्याआधी भिंतीला पक्कं करा. मूल उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढतं आणि कपाट पुढे कलंडतं. दोन लोखंडी कोपरपट्ट्या आणि चार फिशर-स्क्रू एवढंच त्याला लागतं. घर भाड्याचं असेल तर आधी मालकांना विचारा. बहुतेक मालक या एका कामाला नाही म्हणत नाहीत. बाकीच्या ठिकाणी भोकं पाडू देत नसतील तर हूक लावलेली फळी दाराच्या मागे अडकवता येते, खालच्या वस्तूंसाठी उभा रॅक चालतो. गॅलरीच्या गजांमधून दहा सेंटिमीटरचा चेंडू आरपार जात असेल तर मधे आणखी गज किंवा जाळी बसवून घ्या, आणि कठड्याशेजारी कुंड्या, स्टुलं, पेट्या अशी चढण्याजोगी एकही वस्तू ठेवू नका.

आता भिंतींकडे. मुलाच्या झोपण्याच्या जागेजवळची भिंत ओली असेल, पोपडे आले असतील, काळी बुरशी दिसत असेल, तर नवा रंग द्यायची घाई करू नका. ओल आली कुठून ते आधी शोधा. चिकटपट्टीने चारही बाजू बंद करून हातभर प्लॅस्टिकचा कागद त्या जागी एक-दोन दिवस लावून ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय: वरची गच्ची, शेजारचं न्हाणीघर किंवा बाहेरची चीर. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली हवाच दमट आहे, खिडक्या उघड्या ठेवून आणि ओले कपडे बाहेर वाळत घालून पुष्कळ फरक पडतो. पाणी भिंतीतून येत असताना वरून पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. गच्चीची मोरी पालापाचोळा काढून मोकळी करणं, पॅरापेटच्या बुडाशी गेलेल्या चिरा भरणं आणि कोकणात किंवा घाटावर कौलारू घर असेल तर ते शाकारून घेणं, ही कामं जूनच्या पहिल्या सरीआधी व्हायला हवीत. कामगार मेच्या शेवटच्या आठवड्यात कुणालाच मिळत नाहीत, म्हणून एप्रिलमध्येच सांगून ठेवा.

रंगाबद्दल एक इशारा. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. त्याआधीच्या तैलरंगात, विशेषतः दारं, खिडक्या आणि गजांवरच्या पिवळ्या-लाल-हिरव्या रंगात, ते बरंच जास्त असू शकतं. असा जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला की शिशाची धूळ घरभर बसते आणि ती मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. रंगाऱ्याला पाणी लावून घासायला सांगा, आणि त्या दिवसांत मुलाला आजोळी पाठवा. मे महिना त्यासाठीच असतो.

खाऊवर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण घरातल्या उंचीचा खरा प्रश्न तिथेच येतो. वरच्या फळीवरचा डबा मुलाला दिसतो, मिळत नाही, आणि तो द्यायचा अधिकार आपल्या हातात राहतो. मग ‘भात संपव, चॉकलेट देते’ सुरू होतं. या एका वाक्याने मूल शिकतं की भात ही शिक्षा आहे आणि चॉकलेट बक्षीस. माझं म्हणणं असं: एक डबा मुलाचा करा, तो त्याच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवा, आणि त्यात तेच ठेवा जे त्याने न विचारता खाल्लं तरी चालेल. भाजलेले फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, चुरमुऱ्याचा चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, खारीक, सकाळची तूप लावून गुंडाळलेली पोळी. ऋतूप्रमाणे डब्यातला खाऊ बदलावा: पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा, हिवाळ्यात बोरं आणि हुरडा, वैशाखात करवंदं-जांभळं. दिवसाचा वाटा सकाळी भरायचा आणि संपला की संपला. पहिल्या दिवशी दहा वाजताच डबा रिकामा होईल. होऊ द्या, पुन्हा भरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल संध्याकाळसाठी राखून ठेवायला लागतं. धाकट्या भावंडाबद्दल मात्र सावध राहा: चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. त्याला कूट करून द्या.

गोड पूर्ण बंद करू नका, फक्त त्याची वेळ ठरवा. दात किडण्याच्या बाबतीत किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. जेवणासोबत एक पेढा खाल्ला आणि चूळ भरली तर दातांचं फार बिघडत नाही, पण एखादी गोळी चघळत दुपारभर तोंडात फिरली तर बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, 5 टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे 5 टक्के म्हणजे साधारण चार चहाचे चमचे. आता मुलाला शेजारी बसवून घरातली पाकिटं एकेक वाचा. मागच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे साखर किती ते लिहिलेलं असतं. तेवढी साखर चमच्याने मोजून एका वाटीत काढून दाखवा. ग्लुकोजच्या बिस्किटांत 100 ग्रॅमला पाव भाग साखर असते, आणि ‘शक्तिवर्धक’ म्हणून दुधात घालायच्या पुडीत त्याहूनही जास्त निघू शकते. वाटीतली साखर पाहून मुलांचे डोळे मोठे होतात, आणि तुमचेही. गूळही या हिशोबात धरा. त्यात थोडं लोह असलं तरी दातांना आणि वजनाला तो साखरेसारखाच.

शाळेजवळच्या गाडीवरच्या खाऊचं काय, असं पालकसभेत हमखास विचारलं जातं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांत शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि मेद असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. हा नियम पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत मांडावा. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे आवाज तुमचाच मोठा आहे.

डब्याविषयी एक दृश्य सांगते. मधल्या सुट्टीची घंटा होते, वीस-पंचवीस डबे बाकांवर येतात आणि तेवढ्यात पाच-सहा जण माझ्यापुढे रांगेत उभे राहतात: ‘बाई, उघडून द्या.’ चार बाजूंनी क्लिपा असलेला, हवाबंद, महागातला डबा. उघडता उघडता सुट्टी निम्मी होते आणि उरलेला डबा तसाच घरी जातो. संध्याकाळी आई विचारते, ‘भाजी आवडली नाही का?’ डबा विकत घेताना दुकानातच मुलाच्या हातात द्या आणि त्याला तीनदा उघडायला लावा. त्यात थोडं पाणी घालून उलटा धरून पाहा. पेचाचं झाकण असलेला साधा स्टीलचा डबा बहुतेक मुलांना जमतो. बाटलीचंही तेच, झाकण फिरवायचं की दाबायचं ते मुलाच्या बोटांना ठरवू द्या. डब्यात पोळीचे चार तुकडे करून भाजी वेगळ्या खणात द्या. पहिलीच्या मुलाला वीस मिनिटांत अख्खी पोळी तोडून खाता येत नाही.

शाळा अजून ठरायची असेल तर थोडक्यात सांगते. शासनाच्या 2020 च्या निर्णयानुसार पहिलीसाठी मुलाची सहा वर्षं प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत. वय बसतंय म्हणून घाईने पहिलीत घालू नका, वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलाची दमछाक मी पाहिली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांचे अर्ज मे महिन्याच्या कितीतरी आधी निघतात, तेव्हा हिवाळ्यातच चौकशी ठेवा. शाळा पाहायला जाल तेव्हा कार्यालयात बसून राहू नका. मधल्या सुट्टीत जा. पाण्याचा नळ मुलांच्या हाताला येतो का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का आणि आत पाणी आहे का, मुलं मैदानात पळतात की वर्गातच कोंडलेली असतात, हे स्वतः पाहा. अंतर चालत जाण्याजोगं असेल तर त्याला मी इतर बऱ्याच गोष्टींपेक्षा वरचा नंबर देईन. आणि घरात मराठी बोलली जात असेल तर मराठी शाळेची पायरी चढून तरी पाहा. घरच्या भाषेत शिकणारं मूल पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारतं, याला मी साक्षीदार आहे.

अभ्यासाच्या कोपऱ्यासाठी टेबल-खुर्ची घेतलीच पाहिजे असं नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि पुढे उतरतं बैठं डेस्क ठेवायचं, ही आपली जुनी पद्धत लहान मुलाला उत्तम मानवते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूने उजेड यावा, डावखुऱ्याच्या उजव्या. खुर्चीच घ्यायची असेल तर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायांखाली पाट द्या. डेस्कशेजारी दोन फळ्या आणि एक हूक: वरची फळी पुस्तकांना, खालची वह्यांना, हूक दप्तराला. या कोपऱ्यातून दूरदर्शनचा पडदा दिसता कामा नये. डोळ्यांसाठी म्हणाल तर दिव्यापेक्षा बाहेरचा उजेड मोलाचा आहे. रोज तास-दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात आढळतो. शाळा सुटल्यावर आधी खेळ आणि मग अभ्यास, हा क्रम उलटवू नका.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, आणि त्यात पाण्याची बाटलीही आली. रविवारी ताणकाट्यावर दप्तर लटकवून वजन मुलालाच वाचायला सांगा आणि काय बाहेर काढायचं तेही त्यालाच ठरवू द्या. रात्री झोपण्याआधी वेळापत्रक पाहून दप्तर भरणं हे पहिलीच्या मुलाचं काम आहे. पहिले काही दिवस एखादी वही राहील. बाईंना चिठ्ठी पाठवून सांभाळून घ्यायची विनंती करा, पण वही घेऊन शाळेत धावू नका.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. त्याआधीचा आठवडा रंगीत तालमीला ठेवा. शाळेच्या वेळेला उठणं, स्वतःच्या हुकावरचा टॉवेल घेऊन आंघोळ, बूट मुलाने घालायचे. शाळेचा रस्ता एकदा सकाळी आणि एकदा दुपारच्या सुटण्याच्या वेळी पायी चालून या. वाटेत कुणाच्या दुकानात थांबायचं, पाऊस लागला तर आडोसा कुठला, हे तिथल्या तिथे दाखवा. घरच्या एका मोठ्या माणसाचा फोन नंबर तोंडपाठ करून घ्या. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळेला घरीच डबा उघडून बसू द्या, वीस मिनिटं लावा आणि उरलं किती ते पाहा. जे अडेल, मग ते झाकण असो, बुटाची लेस असो की हुकाची उंची, ते दुरुस्त करायला तुमच्या हातात अजून दोन-चार दिवस असतील.